युद्धानंतर हाँगकाँग विद्यापीठाचे भवितव्य: तो निर्णय कोणी घ्यायला हवा होता?

चौकस

३० ऑगस्ट १९४५ रोजी रिअर अ‍ॅडमिरल हारकोर्ट यांचे ब्रिटिश आरमार हाँगकाँगच्या बंदरात शिरले, तेव्हा तेथील विद्यापीठ जवळजवळ नावापुरतेच उरले होते. कुलगुरू डंकन स्लॉस हे पावणेचार वर्षे स्टॅन्ली येथील छावणीत जपान्यांच्या नजरकैदेत होते, प्राध्यापकांपैकी काही तेथेच, काही लष्करी युद्धकैद्यांच्या छावण्यांत, तर काही चीनच्या अंतर्भागात होते. मुख्य इमारतीच्या भिंती उभ्या होत्या, पण लुटालुटीत छपराचे लाकूड, जमिनीच्या फळ्या, दारे आणि खिडक्यांच्या चौकटीसुद्धा उपसून नेल्या गेल्या होत्या. जळण मिळेनासे झालेल्या शहरात लाकडाला किती मोल आले असेल, याची कल्पना करता येते.

त्यानंतर लंडनमध्ये जो प्रश्न विचारला गेला, तो मला महत्त्वाचा वाटतो. हे विद्यापीठ कसे उभारावे, एवढाच तो प्रश्न नव्हता. ते पुन्हा उभारावे की नाही, इथपासून त्याची सुरुवात होती. वसाहत खात्याचे शिक्षण सल्लागार ख्रिस्तोफर कॉक्स यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ मध्ये समिती बसली. तिने विद्यापीठ पुन्हा उभारावे, मात्र त्यासाठी पुरेसा पैसा द्यावा, असा कौल दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थोड्या विद्यार्थ्यांवर तात्पुरते वर्ग सुरूही झाले, तरी सरकारचा पक्का होकार यायला १९४८ उजाडले. मधल्या काळात शिकवणारे आणि शिकणारे दोघेही, आपली संस्था पुढच्या वर्षी असेल की नाही हे माहीत नसताना काम करत होते.

माझे मत असे आहे की निर्णय योग्य होता, पण ज्या कारणांसाठी तो घेतला गेला ती कारणे योग्य नव्हती, आणि ज्यांनी तो घ्यायला हवा होता त्यांच्याकडे तो कधी आलाच नाही. चीनमध्ये ब्रिटिश संस्कृतीचे आणि ब्रिटिश व्यापाराचे वजन टिकावे, हा विचार गव्हर्नर लुगार्ड यांच्या काळापासून या विद्यापीठाच्या मुळाशी होता, आणि १९४६ मध्येही तराजूच्या एका पारड्यात तोच घातला गेला. ऑक्टोबर १९४९ मध्ये चीनमध्ये जनतेचे प्रजासत्ताक आले आणि ते पारडे रिकामे झाले. विद्यापीठ मात्र जगले, वाढले, कारण हाँगकाँगच्या मुलामुलींना ते हवे होते. मग हे कारण सुरुवातीलाच पुढे का आले नाही? जाणकारांनी मत द्यावे.

गिरगावकर

उत्तम विषय. आपल्या वाचकांना या विद्यापीठाशी मुंबईचा किती जवळचा संबंध आहे हे सांगितले पाहिजे. त्याची मुख्य इमारत उभी राहिली ती होरमसजी नवरोजी मोदी यांच्या पैशातून. मोदी १८३८ साली मुंबईत जन्मलेले पारशी. तरुणपणी हाँगकाँगला गेले, अफूच्या लिलावांतून पैसा केला आणि पुढे पॉल चेटर यांच्या भागीदारीत शेअर व जमिनींच्या व्यवहारांत मोठे झाले. लुगार्ड यांनी विद्यापीठाची कल्पना मांडली तेव्हा मोदींनी इमारतीसाठी दीड लाख डॉलर देऊ केले, आणि खर्च त्यापेक्षा बराच वाढला तरी मागे हटले नाहीत. १६ मार्च १९१० रोजी पायाभरणी झाली. १९१२ साली विद्यापीठ उघडले तेव्हा मात्र मोदी हयात नव्हते, आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते.

अफूचा पैसा होता हे लपवण्याचे कारण नाही. मुंबईतल्या कितीतरी दानशूरांच्या संपत्तीची तीच कथा आहे.

शरयू

मी नोकरीनिमित्त हाँगकाँगमध्ये राहते. मोदींच्या नावाचा रस्ता कौलूनला चिम शा चुईमध्ये आजही आहे, आणि तेथून रोज जाणाऱ्या बहुतेक भारतीयांना तो कोणाच्या नावाचा आहे हे ठाऊक नसते. मुख्य इमारत लाल विटांची आणि ग्रॅनाइटची आहे, आत ताडामाडांची अंगणे आहेत. तिचे मोठे सभागृह आता लोक यू यांच्या नावाने ओळखले जाते. लोक यू हे मलायातील कथिलाच्या खाणींचे धनी. त्यांनी विद्यापीठाला पहिल्या अडचणीच्या काळात बिनव्याजी पाच लाख डॉलर दिले होते. त्याआधी कँटनच्या चिनी व्हाइसरॉयने दोन लाख दिले होते.

म्हणजे चौकस यांच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. हे विद्यापीठ वसाहतीचे होते खरे, पण ते केवळ राजसत्तेच्या तिजोरीतून उभे राहिले नव्हते. मुंबईचा पारशी, मलायाचा चिनी खाणमालक, कँटनचा अधिकारी आणि हाँगकाँगचे व्यापारी यांनी ते उभे केले. ब्रिटिश व्यापारी घराण्यांपैकी स्वायर यांनी चाळीस हजार पौंड दिले, तेही वगळता येणार नाही. इतक्या लोकांच्या घामाच्या, दानाच्या आणि व्यापाराच्या पैशावर उभी राहिलेली संस्था ठेवायची की मोडायची, याचा विचार लंडनमधील एका टेबलाभोवती व्हावा, हे मला खटकते.

निळावंती

मी वैद्यकीय क्षेत्रातली आहे, त्यामुळे माझी नजर आधी तिकडे जाते. या विद्यापीठाचे सर्वांत जुने अंग म्हणजे १८८७ साली स्थापन झालेले वैद्यक महाविद्यालय. सन यत्-सेन १८९२ साली तेथूनच वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले. डिसेंबर १९४१ मध्ये लढाई सुरू झाली तेव्हा मुख्य इमारतीतच तात्पुरते रुग्णालय उघडले गेले आणि वैद्यकाचे विद्यार्थी तेथे जखमींची शुश्रूषा करत होते. २५ डिसेंबरला शहर जपान्यांच्या हाती पडल्यावर प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक गॉर्डन किंग निसटून मुक्त चीनमध्ये, म्हणजे जपानच्या ताब्याबाहेरच्या भागात, पोहोचले. त्यांनी तेथील विद्यापीठांशी बोलून, मागोमाग येणाऱ्या हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांची शिकण्याची सोय लावली. मुले मिळेल त्या वाटेने सीमा ओलांडत होती, अनोळखी भाषेत आणि अपुऱ्या उपकरणांवर शिक्षण पुरे करत होती.

या मुलांचा विचार करा. युद्ध संपल्यावर आपली पदवी कोण देणार, हा त्यांच्यासाठी तात्त्विक वाद नव्हता. विद्यापीठ बंद झाले असते तर त्यांचे अर्धवट शिक्षण कायमचे अधांतरी राहिले असते. १९४६ मध्ये हाँगकाँगला आणि मलायाला डॉक्टर हवे होते, आणि ते लगेच हवे होते. निर्णय कोणी घ्यावा याची योग्य पद्धत शोधत बसायला वेळ कोणाकडे होता? कॉक्स समितीने होकार दिला, एवढे माझ्या दृष्टीने पुरेसे आहे. रागावण्यासारखे काही असेल तर ते १९४६ ते १९४८ हा उशीर.

कृष्णाकाठ

चर्चा चांगली चालली आहे, पण मूळ धाग्यातील गृहीतकाशी मी सहमत नाही. “ज्यांनी निर्णय घ्यायला हवा होता” असे म्हणताना चौकस यांच्या मनात नेमके कोण आहेत? हाँगकाँगची जनता म्हणावी, तर १९४१ मध्ये सोळा लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १९४५ च्या ऑगस्टमध्ये सहा लाखांवर आली होती, आणि शांतता होताच लोकांचे लोंढे परत येऊ लागले. त्यांतले किती जण पूर्वीचे रहिवासी आणि किती चीनमधील यादवीतून जीव वाचवायला आलेले, हे सांगणेच अवघड होते. १९४६ मध्ये तेथे लोकनियुक्त विधिमंडळ नव्हते. गव्हर्नर मार्क यंग यांनी निवडून आलेल्या नगरपरिषदेची योजना मांडली, पण तीही काही वर्षांनी बासनात गुंडाळली गेली. देणगीदार म्हणावेत, तर मोदी आणि लोक यू कधीच दिवंगत झाले होते आणि त्यांचे वारस त्या संस्थेचे मालक नव्हते. दान दिले की हक्क संपतो, हीच तर दानाची रीत आहे.

शिवाय लंडनचा कचरण्याचा भाग मला तितकासा अन्यायाचा वाटत नाही. ब्रिटनचा खजिना युद्धाने रिकामा झाला होता. १९४३ मध्ये ब्रिटनने चीनमधील आपले विशेष न्यायाधिकार सोडले होते, आणि खुद्द हाँगकाँग चीनला परत द्यावे लागणार की काय, ही शंका सर्वांच्या मनात होती. च्यांग कै-शेक यांच्या सरकारला ते हवेच होते. हाँगकाँगचा मोठा भाग असलेल्या ‘नव्या प्रदेशा’चा चीनकडून घेतलेला भाडेपट्टा तर १९९७ ला संपणार होता. ज्या जमिनीवर आपला ध्वज किती वर्षे राहील हे माहीत नाही, तेथे विद्यापीठाच्या उभारणीत पैसा घालावा का, असे एखाद्या अर्थखात्याच्या अधिकाऱ्याने विचारले, तर ते त्याचे कामच होते.

आणि अपुऱ्या पैशात विद्यापीठ चालवण्याचा परिणाम काय होतो, हे हाँगकाँगने १९१२ पासून अनुभवले होते. स्थापनेपासून ती संस्था सतत कर्ज, देणग्या आणि तात्पुरती अनुदाने यांवरच चालत आली होती. “उभारायचे तर नीट उभारा” ही समितीची अट मला तिच्या साऱ्या कामातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

चौकस

कृष्णाकाठ, आपला मुद्दा वजनदार आहे. मी मतदानाची अपेक्षा करत नाही. माझा आक्षेप असा की विद्यापीठ कोणासाठी हा प्रश्न आधी ठरायला हवा होता, आणि त्याचे उत्तर हाँगकाँगमध्ये राहणाऱ्यांकडून यायला हवे होते. निवडून आलेले मंडळ नसले तरी माजी विद्यार्थी होते, चिनी व्यापारी होते, शाळा चालवणारे होते, आणि युद्धात विद्यापीठाशी इमान राखणारे तर होतेच.

शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक लिंडसे राइड जानेवारी १९४२ मध्ये शाम शुई पो येथील छावणीतून निसटले, ते विद्यापीठातल्या आपल्याच एका चिनी सहकाऱ्याच्या, ली यिऊ पिऊ यांच्या मदतीने. नंतर राइड यांनी चीनमध्ये, कैद्यांना निसटायला मदत करणारा आणि गुप्त माहिती मिळवणारा ‘ब्रिटिश आर्मी एड ग्रुप’ उभा केला, त्यातही विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मोठी जोखीम पत्करून काम केले. अशा लोकांना भवितव्य ठरवण्यात किती स्थान मिळाले, हे मी विचारतो आहे.

औदुंबर

याच काळात पश्चिम आफ्रिकेत काय घडले ते पाहिले, तर हा वाद अधिक स्पष्ट होईल. १९४३ मध्ये ब्रिटनने वसाहतींतील उच्च शिक्षणाचा विचार करण्यासाठी दोन आयोग नेमले. सर्व वसाहतींसाठी न्यायमूर्ती अ‍ॅस्क्विथ यांचा, आणि पश्चिम आफ्रिकेसाठी वेगळा एलियट आयोग. १९४५ मध्ये एलियट आयोगाचा अहवाल आला, तो एकमताचा नव्हता. बहुमताने म्हटले की नायजेरियात इबादान, गोल्ड कोस्टमध्ये (आजचा घाना) अचिमोटा आणि सिएरा लिओनमध्ये फोरा बे अशा तिन्ही ठिकाणी विद्यापीठीय महाविद्यालये असावीत. अल्पमताने म्हटले की शिक्षक आणि पैसा दोन्ही तुटपुंजे आहेत, म्हणून सगळ्या पश्चिम आफ्रिकेसाठी एकच, आणि तेही इबादानला असावे.

आयोगात तीन आफ्रिकी सदस्य होते, आणि तिघांनीही बहुमताच्या बाजूने सही केली होती. अल्पमतात ज्युलियन हक्सली आणि आर्थर क्रीच जोन्स यांच्यासारखे नामवंत लोक होते. लंडनने काय केले? अल्पमत स्वीकारले. क्रीच जोन्स १९४६ मध्येच वसाहतमंत्री झाले.

गोल्ड कोस्टमधील लोकांनी ते मुकाट्याने घेतले नाही. डान्क्वा यांच्यासारख्या नेत्यांनी आणि सुशिक्षित वर्गाने ओरड केली, आम्ही आमचा खर्च स्वतः करू असे सांगितले, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. १९४८ मध्ये अचिमोटाला गोल्ड कोस्टचे स्वतंत्र विद्यापीठीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामागे कोको विपणन मंडळाचा, म्हणजे शेवटी कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा पैसा होता. इबादानलाही त्याच वर्षी काम सुरू झाले, लष्कराने सोडून दिलेल्या रुग्णालयाच्या शेडमध्ये.

तेव्हा कृष्णाकाठ, “विचारायचे कोणाला” या प्रश्नाचे एक उत्तर असे आहे की लोक स्वतःहून सांगतात, फक्त ऐकण्याची तयारी हवी. गोल्ड कोस्टमध्येही पूर्ण लोकशाही नव्हती.

गिरगावकर

औदुंबर, प्रतिसाद फार आवडला. क्रीच जोन्स हेच वसाहतमंत्री असताना हाँगकाँगच्या विद्यापीठालाही अखेर १९४८ मध्ये होकार मिळाला, हा धागा जोडून ठेवण्यासारखा आहे.

सातपुडा

आपण सगळे ब्रिटिश वसाहतींविषयीच बोलत आहोत. आशियातील दुसऱ्या एका साम्राज्याची विद्यापीठेही १९४५ मध्ये एका दिवसात निराधार झाली. जपानने सोलमध्ये १९२४ साली केइजो शाही विद्यापीठ आणि तैपेईमध्ये १९२८ साली ताइहोकू शाही विद्यापीठ काढले होते. दोन्हींमध्ये शिकवणारे बहुसंख्य जपानी आणि विद्यार्थ्यांतही जपान्यांचाच भरणा. जपान हरल्यावर या संस्थांचे पुढे काय झाले?

तैवानमध्ये १५ नोव्हेंबर १९४५ रोजी चीन सरकारच्या वतीने वनस्पतिशास्त्रज्ञ लुओ झोंगलुओ यांनी ताबा घेतला आणि ते ‘राष्ट्रीय तैवान विद्यापीठ’ झाले. काही जपानी प्राध्यापकांना शिकवण्यासाठी काही काळ थांबवूनही घेतले गेले, कारण त्यांच्या जागी लगेच माणसे मिळण्यासारखी नव्हती.

कोरियात मात्र मोठा संघर्ष झाला. तेथील अमेरिकन लष्करी प्रशासनाने ऑगस्ट १९४६ मध्ये हुकूम काढून जुने शाही विद्यापीठ आणि अनेक व्यावसायिक महाविद्यालये एकत्र केली आणि सोल राष्ट्रीय विद्यापीठ स्थापले. पहिले अध्यक्ष म्हणून एका अमेरिकन नौदल धर्मगुरूची, हॅरी अ‍ॅन्स्टेड यांची नेमणूक झाली. पस्तीस वर्षांच्या परक्या अमलातून सुटलेल्या समाजाला आपल्या सर्वोच्च विद्यापीठावर पुन्हा परका माणूस बसलेला पाहावा लागला. प्राध्यापकांनी राजीनामे दिले, विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार घातला, ते लोण इतर शाळा-महाविद्यालयांत पसरले आणि १९४७ पर्यंत धुमसत राहिले. हजारो विद्यार्थ्यांवर कारवाई झाली, त्यांतल्या अनेकांना पुढे परत घ्यावे लागले.

त्या आंदोलनात डाव्या-उजव्या राजकारणाचाही मोठा वाटा होता, ते नाकारत नाही. पण एक गोष्ट मला ठळक दिसते. सोलमध्ये विलीनीकरणाची योजना शैक्षणिकदृष्ट्या सगळीच वाईट होती असे नाही. आज ते विद्यापीठ कोरियाचे अग्रगण्य विद्यापीठ आहे. योजना चांगली असूनही ती लादली गेली, म्हणून एक अख्खी पिढी दुखावली गेली. निळावंतीताई, आपण म्हणता की चांगला निर्णय झाला एवढे पुरे, त्यावर माझे हे उत्तर आहे.

निळावंती

सातपुडा, सोलचे उदाहरण मला पटते, पण ते हाँगकाँगला लागू पडत नाही. हाँगकाँगमध्ये लोकांनी विद्यापीठ पुन्हा सुरू होण्याविरुद्ध बहिष्कार घातला नाही, उलट ते कधी सुरू होते याची वाट पाहिली. जे लोकांना हवेच होते, ते दिल्याबद्दल लादले असे म्हणता येत नाही.

शरयू

लोकांना विद्यापीठ हवे होते, हे निळावंतींचे म्हणणे खरे आहे. पण कोणत्या भाषेतले? तेथे खरी गाठ आहे.

मुख्य इमारतीची दुर्दशा झाली, तरी १९३२ साली उघडलेल्या फुंग पिंग शान ग्रंथालयाची इमारत वाचली. हे ग्रंथालय चिनी पुस्तकांचे होते आणि एका चिनी व्यापाऱ्याच्या देणगीतून झाले होते. जपानशी युद्ध पेटल्यावर चीनमधील काही दुर्मीळ ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून येथे आणून ठेवले होते. जपानी ताब्याच्या काळात पेट्याच्या पेट्या तोक्योला गेल्या आणि युद्धानंतर शोध लागून परत चीनला मिळाल्या. ग्रंथपाल छेन च्युन-पाओ ताब्याच्या काळातही ग्रंथालयापाशी थांबले आणि त्यांनी राहिलेला संग्रह जपला. शु दिशान यांच्यासारखे विद्वान १९४१ मध्ये मृत्यू येईपर्यंत चिनी विभागाचे प्रमुख होते, आणि त्यांच्यामागे थोर इतिहासकार छेन यिन्क यांनी तेथे शिकवले. म्हणजे इंग्रजी माध्यमाच्या या विद्यापीठाच्या पोटात चिनी विद्येचे एक सशक्त केंद्र तयार होत होते. १९४६ मध्ये त्याचा विचार करून नव्याने आखणी करण्याची संधी होती. तेव्हा प्राधान्य मिळाले ते जुनी चौकट पुन्हा उभी करण्याला.

इंद्रायणी

माध्यमाचा विषय निघाला म्हणून लिहिते. त्याच वर्षांत आपल्याकडेही विद्यापीठाचा प्रश्न चर्चेत होता. मुंबई सरकारने १९४२ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्रासाठी वेगळ्या विद्यापीठाचा विचार करायला समिती नेमली. भारत छोडोच्या धामधुमीत आणि युद्धाच्या टंचाईत तिने काम केले. १० फेब्रुवारी १९४८ रोजी पुणे विद्यापीठाचा कायदा झाला, बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते, आणि जयकरच पहिले कुलगुरू झाले. गणेशखिंडीतील गव्हर्नरांचे निवासस्थान विद्यापीठाला मिळाले. गव्हर्नरांच्या मेजवान्या जेथे झडत त्या वास्तूतून शेतकऱ्यांच्या मुलांच्या परीक्षांचे कामकाज चालू लागले, याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

जयकर समिती ब्रिटिश अमलात नेमली गेली, पण तिच्यामागे महाराष्ट्रातील लोकांची कित्येक वर्षांची मागणी होती. विद्यापीठ कोणासाठी, हे आधी ठरलेले होते. हाँगकाँगच्या बाबतीत नेमके तेच राहून गेले, असे चौकस यांना म्हणायचे असावे.

कृष्णाकाठ

इंद्रायणीताई, पुण्याचा दाखला हृद्य आहे, पण तुलना पुरती जमत नाही. पुण्यात १९४८ मध्ये सार्वभौमत्वाचा प्रश्न सुटलेला होता, जबाबदार मंत्रिमंडळ होते. हाँगकाँगमध्ये यांपैकी काहीच नव्हते आणि नजीकच्या काळात होण्याची चिन्हेही नव्हती. तेथे थांबणे म्हणजे विद्यापीठ गमावणे होते.

भाषेविषयी म्हणाल, तर १९४६ मध्ये चिनी भाषेतून उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या हाँगकाँगच्या मुलाला कँटनपासून पेकिंगपर्यंतची सगळी विद्यापीठे मोकळी होती. ती दारे १९४९ नंतर बंद होतील, हे त्या वेळी कोणाला सांगता आले असते? समितीने समोर दिसणाऱ्या परिस्थितीवर निर्णय घेतला.

सातपुडा

कृष्णाकाठ, नेमक्या याच मुद्द्याने पुढचा इतिहास उलगडतो. १९४९ नंतर चीनमधून आलेल्या प्राध्यापकांनी हाँगकाँगमध्ये स्वतःच्या बळावर महाविद्यालये काढली. न्यू एशिया १९४९ चे, चुंग ची १९५१ चे, युनायटेड १९५६ चे. न्यू एशियाची सुरुवात तर अक्षरशः निर्वासित अध्यापकांनी आणि निर्वासित विद्यार्थ्यांनी भाड्याच्या खोल्यांत केली. चिनी शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना चीनमध्ये जाता येत नव्हते आणि हाँगकाँग विद्यापीठाच्या इंग्रजी प्रवेशाची पायरी चढता येत नव्हती. उच्च शिक्षणाचा विचार करणाऱ्या केसविक समितीपुढे १९५२ मध्ये हाच पेच होता. तो सुटायला १९६३ साल लागले, तेव्हा या तिन्ही महाविद्यालयांचे मिळून चायनीज युनिव्हर्सिटी ऑफ हाँगकाँग झाले.

म्हणजे १९४६ मध्ये न विचारलेल्या प्रश्नाची किंमत पुढच्या दीड दशकात चिनी माध्यमाच्या मुलांनी मोजली.

निळावंती

एक दुरुस्ती नाही, पण पुरवणी. इंग्रजी माध्यम ठेवण्यामागे केवळ साम्राज्याचा दिमाख नव्हता. हाँगकाँगच्या वैद्यकीय पदवीला ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलची मान्यता होती, त्यामुळे तेथील डॉक्टर मलायात, सिंगापूरमध्ये कोठेही काम करू शकत होता. हजारो गरीब रुग्णांना या मान्यतेचा लाभ झाला. भाषेचा निर्णय करताना हे पारडेही तोलावे लागते. वैद्यकाला इंग्रजी आणि इतिहास-साहित्याला चिनी, अशी वाटणी एकाच विद्यापीठात करता आली असती, एवढे मी मान्य करीन.

औदुंबर

निळावंतीताईंच्या या शेवटच्या वाक्यातच खरा पर्याय आहे. तो १९४६ मध्ये गंभीरपणे मांडला गेला असता, तर १९६३ ची वाट पाहावी लागली नसती. आणि तो मांडण्यासाठी लंडनमधील शिक्षणतज्ज्ञापेक्षा हाँगकाँगमधील चिनी शाळेचा एखादा मुख्याध्यापक अधिक योग्य होता.

चौकस

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या बाजू पुढे येतील असे वाटले नव्हते. आता मूळ प्रश्नाकडे येतो.

निळावंतींनी विद्यार्थ्यांचा मुद्दा मांडला, तो मला सर्वांत जवळचा वाटतो, आणि त्यामुळेच माझे मत अधिक पक्के झाले आहे. ऑक्टोबर १९४६ मध्ये पडझड झालेल्या आवारात वर्ग सुरू झाले, तेव्हाच खरे तर या विद्यापीठाचे भवितव्य ठरले. जे शिकवायला परतले आणि जे शिकायला आले, त्यांनी ते ठरवले. स्लॉस छावणीतून सुटल्यावर विद्यापीठासाठी पाठपुरावा करत राहिले, राइड १९४९ मध्ये कुलगुरू झाले आणि १९६४ पर्यंत त्यांनी ती संस्था वाढवली. लंडनने १९४८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. १९४९ नंतर ब्रिटिश प्रभावाचे कारण संपले तरी संस्था डगमगली नाही, कारण ती त्या कारणावर उभीच नव्हती.

म्हणून माझी मागणी सार्वमताची नाही. विद्यापीठ पुन्हा उभारताना त्याच्या कार्यकारी मंडळात, अभ्यासक्रमात आणि प्रवेशाच्या नियमांत हाँगकाँगच्या चिनी समाजाला निर्णायक जागा देता आली असती, आणि त्यासाठी सार्वभौमत्वाचा प्रश्न सुटण्याची गरज नव्हती. गोल्ड कोस्टने सार्वभौमत्व मिळण्याच्या नऊ वर्षे आधी आपले महाविद्यालय मिळवले. सातपुडा यांनी सांगितलेले १९६३ चे विद्यापीठ कदाचित वेगळ्या रूपात, लवकर आणि कमी कष्टांत मिळाले असते.

कृष्णाकाठ

चौकस, निर्णायक जागा द्यायला हवी होती हे मला मान्य आहे. मात्र ती १९४६ मध्ये दिली असती तर लंडनच्या खजिन्याने पैसा दिला असता का, याबद्दल माझा संशय कायम आहे. कोकोसारखे पीक हाँगकाँगकडे नव्हते. त्या बेटाची भरभराट पुढच्या दशकात कापडगिरण्यांनी आणली, आणि पदरचा पैसा आल्यावरच तेथील लोकांचा शब्द वजनदार झाला. १९४६ चे विद्यापीठ ब्रिटिश प्रभावाच्या नावाने मागितले गेले, कारण त्या दिवसांत लंडनमध्ये पैसा सोडवून घ्यायला तेच नाव चालत होते. स्लॉस यांना हे पुरते कळत होते, असे मला वाटते.